आप्पांच्या मागाचं डोकं

चन्नवीर माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा. हे आदीच सांगून टाकतो, कारण सोलापुरात आजबी कोणी इचारलं, "तो रेडिओवाला चन्नवीर तुमचा कोण हो?" तर मी चालता चालता थांबतो, टोपी नीट करतो आन मगच सांगतो. तिकडं अमेरिकेत कोणी कोणी आपल्या घरात, गाडी ठेवायच्या खोलीत बसून कॉम्प्युटर बांधले, त्यांचे फोटो पेपरात आले. माझ्या भावानं त्याच सालांत बाळीवेशीच्या मागं, अव्वाच्या, म्हंजे आमच्या आईच्या, चुलीपास्नं हाताच्या अंतरावर यंत्र बांधलं. त्याचा फोटो कुटंच आला न्हाय. म्हणून मी लिवतोय. शिक्षण माझं चौथी. पण मिलमधी फिटर हुतो, यंत्रातलं मला कळतं.

ह्यात मी जितं येईन तितं मला 'थोरला' म्हणीन. गोष्ट चन्नवीरची हाय, आन मी एकदा 'मी' म्हणून सुरू झालो की दुसऱ्याला बसायला जागा ऱ्हात न्हाय, असं आमची मंडळी म्हणती. त्याच्या मनातलं मला कसं ठावं, असं कोणी इचारू नये. त्यानं सांगितलं म्हणून ठावं. माझ्याशिवाय तो सांगणार कुणाला?

तर चन्नवीर. बारका हुता तवा ह्याची बसायची जागा म्हंजे आप्पांच्या मागाखाली. आमचे आप्पा, म्हंजे वडील, हातमागावर चादरी विणायचे. मागाच्या वर, पार आढ्याजवळ, जकार्ड बसवलेलं असायचं. जकार्ड म्हंजे सुयांची पेटी. तिच्यापुढं पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ लोंबायची. आप्पांनी पाय दाबला की खट्ट! एक कार्ड येऊन सुयांवर बसायचं. कार्डात जितं भोक हाय तितली सुई आत जायची आन तिचा दोरा वर जायचा. भोक न्हाय तितला दोरा गप खाली. परत पाय, परत खट्ट, पुढचं कार्ड.

चन्नवीर खाली उताणा पडून वर बघायचा. आमच्याकडं चादर उलटी विणायची पद्धत. फुलाची बाजू खाली, पाठ वर. त्यानं एका वेळी उचलायचे दोरे कमी हुतात आन विणणाऱ्याच्या पायाला भार कमी लागतो. म्हणून आप्पांना वरनं दिवसभर फुलाची पाठच दिसायची, आन खाली पडलेल्या ह्या पोराला फूल.

एकदा त्यानं इचारलं, "आप्पा, हे फूल येतं कुटनं?"

"कार्डातनं."

ह्यानं एक जुनं कार्ड घेतलं, उन्हाकडं धरलं, ह्या डोळ्यानं बघितलं, त्या डोळ्यानं बघितलं. "ह्यात फूल न्हाय आप्पा. नुसती भोकं हायत."

आप्पा हसले. "एकात न्हाय तम्मा. माळेत हाय."

तम्मा म्हंजे आमच्या कानडीत धाकटा. तर एकात न्हाय, माळेत हाय, हे वाक्य ह्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. दुसरी पोरं गोट्या खेळायची, ह्यो गप बसून इचार करायचा की पुठ्ठ्याला फूल कसं ठावं. थोरला म्हणायचा, "येडा हाय." पण ते प्रेमानं.

आप्पा गेले आन माग थांबला. चन्नवीर मागावर बसला न्हाय, नव्या पेठेत एका रेडिओच्या दुकानात दुरुस्ती शिकला. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेला माणूस, पण रेडिओची विलायती मासिकं वाचायचा. एक शब्द वाचायचा, एक शब्द डिक्शनरीत बघायचा. दुकानात ती मासिकं रद्दीतनं यायची. असंच एक मासिक आलं, त्यात निळ्या पेटीचं चित्र. पुढं बारके दिवे, बारक्या खटक्यांची रांग. खाली लिवलेलं की हा कॉम्प्युटर, हा घरी बांधा.

आता त्या टायमाला कॉम्प्युटर म्हंजे काय हे आमच्या गल्लीत कोणाला ठावं? मुंबईत मोठ्या कचेरीत असतो, गार खोलीत ठेवतात, आन तो आला की कारकून घरी जातात, एवढं ऐकून हुतं. आन हितं म्हणतात घरी बांधा! चन्नवीर त्या चित्राकडं बघतच बसला. सरकारचं न्हाय, बँकेचं न्हाय. एका माणसाचं यंत्र. एक माणूस आपल्या घरात बसून त्याला काम सांगणार.

पण त्यात बसवायला एक तुकडा लागायचा, काळ्या गोमेगत, दोन्हीकडनं पायच पाय. तो सोलापुरात कुटला? मुंबईला माणूस पाठवला, तितंबी मिळंना. दुसरा कोणी असता तर मासिक बंद केलं असतं. ह्यानं पान उलटलं.

पुढच्या पानावर जुन्या काळच्या यंत्रांची माहिती हुती. जेवायच्या टायमाला तो बायकोला, रत्नम्माला, एकेक शब्द लावून सांगाय लागला. रत्नम्मा अक्कलकोटकडची, बोलायला चटपटीत.

"सव्वाशे-दीडशे वर्षांमागं एक विलायती माणूस हुता. त्यानं हिशेबाचं यंत्र काढायचं ठरवलं. आन त्याला काम कसं सांगायचं म्हणून त्यानं काय धरलं ठावं हाय? मागाची कार्डं!"

रत्नम्माचा घास हातातच ऱ्हायला. "आपल्या मागाची?"

"तसल्याच. भोकाची कार्डं. दोऱ्यावर ती चालतात तशी आकड्यावर चालवायची म्हणाला."

"मग चाललं का यंत्र?"

"न्हाय. पुरंच झालं न्हाय. लोक कंटाळले, म्हणाले बास आता. आन एक बाई हुती. तिनं त्या यंत्राला कामं कशी द्यायची ते सगळं लिवून ठेवलं."

"यंत्र नसताना?"

"नसताना."

"मग बाईच ती," रत्नम्मा म्हणाली. "घरात पीठ न्हाय आन उद्याच्या भाकरीचा इचार आज करती. नाव काय तिचं?"

"दिलंय की. पण मला वाचता येईना."

"म्हंजे लोक इसरलेच की हो तिला."

चन्नवीर वर बघालता. वर आढ्याजवळ, धूळ खात, आप्पांचं जकार्ड.

विजापूर वेशीत मौलालीचं भंगाराचं दुकान. तितं टेलिफोनच्या जुन्या सामानातले रिले पोत्यानं येऊन पडलेवते. रिले म्हंजे काय, सोपं सांगतो. लोखंडाची जीभ असती. वीज आली की जीभ एका बाजूला चिकटती, वीज गेली की दुसऱ्या बाजूला. त्याला दोनच शब्द येतात, 'हाय' आन 'न्हाय'. चन्नवीर म्हणायचा, कार्डालाबी दोनच शब्द येतात, भोक हाय, भोक न्हाय. मग ह्या दोघांचं जमायला काय हरकत हाय?

मौलाली पोतं बांधून द्यायचा आन डोळे बारीक करायचा. "क्या रे चन्न्या, घर में टेलिफोन खोलता क्या? पयले मेरेकू लगा के दे. बीवी मैके गई तो बात करूंगा."

"बीवी मैके गई तो तू खुशी से नाचेंगा, बात काय को करेंगा?"

"हौ, वो भी सच है," मौलाली म्हणायचा आन चार रिले वरनं टाकायचा.

यंत्र उभं ऱ्हायलं. लाकडी चौकट, त्यात रिलेंच्या रांगा, वर आप्पांचं जकार्ड आन पुढं तीन दिवे. थोरल्यानं मिलमधनं सुट्टी घेऊन चौकट ठोकून दिली. गुण्यात, काटकोनात अशी की आजबी वर पाण्याचा गलास ठेवा, थेंब सांडणार न्हाय.

आन हे यंत्र करायचं काय? चिंचोके खेळायचं! ताटात एकवीस चिंचोके ठेवायचे. एकदा माणसानं उचलायचे, एकदा यंत्रानं. एक उचला, दोन उचला, तीन उचला, पण शेवटचा चिंचोका ज्याच्या वाट्याला आला तो हरला. दर चिंचोक्याला जकार्ड खट्ट करून एक कार्ड पुढं जायचं. यंत्राची पाळी आली की समोर जे कार्ड असंल त्याच्या भोकांपरमाणं दिवे लागायचे. एक दिवा लागला तर यंत्राचा एक चिंचोका, दोन लागले तर दोन.

पहिली कार्डं चन्नवीरनं मिठाईच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, खिळ्यानं भोकं पाडून केली. यंत्रानं रत्नम्माला हरवलं. अव्वाला हरवलं. थोरल्याला हरवलं, थोरला म्हणाला परत, परत हरवलं. अव्वा यंत्राभवती एक फेरी मारून, मागं वाकून बघून आली.

"तम्मा, ह्याला समजतं कसं रे, किती ऱ्हायले ते?"

"समजत न्हाय अव्वा. माळ तेवढी पुढं गेलेली असती."

"तेच की. समजायचं म्हंजे आणि काय असतं?"

कितीतरी दिवस चन्नवीर त्याच प्रश्नावर घुटमळत हुता.

आता काकाचं सांगतो. वीरभद्रप्पा, आप्पांचा धाकटा भाऊ, आमच्या भिंतीला भिंत. धंदा कार्डं पाडायचा. चादरवाला चौकटीच्या कागदावर फुलाचा नक्शा आणायचा, काका त्यावरनं कार्डात भोकं पाडायचा. त्या कामात त्याच्यासारखा माणूस सोलापुरात न्हवता, हे मी पुतण्या म्हणून सांगत न्हाय, कोणालाबी इचारा. त्याचं कार्ड कोणी तपासत नसे. काकाचं कार्ड बघायचं नसतं, लावायचं असतं, असं कारखान्याकारखान्यात म्हणायचे. तपासलं तर तो अपमान झाला.

काका दारात उभा ऱ्हायला आन यंत्राकडं बघून म्हणाला, "माझ्या भावाच्या मागाचं डोकं काढून तू खोक्यावर ठेवलंस. आता हे काय करतंय? चिंचोके खातंय?"

"काका, माग तर बंदच हुता की."

"बंद हुता. मेला न्हवता. येत्या संक्रांतीनंतर मी सोता बसणार हाय त्या मागावर. भावाचा माग हाय तो. ह्या घरातनं खट्ट खट्ट ऐकू यायचं, ते बंद झालं तवापास्नं मला सकाळ झाल्यागत वाटत न्हाय. जकार्ड परत पायजे मला."

चन्नवीरला हे लागलं. काकाचं खोटं न्हवतं. पण जकार्ड गेलं की यंत्र गेलं, आन आप्पांचं दुसरं काय त्याच्याजवळ हुतं? तो मान खाली घालून उभा. अशा टायमाला थोरला भाऊ कशाला असतो?

थोरला म्हणाला, "काका, हे यंत्र गड्ड्यात खेळून दाखवंल. सगळ्या सोलापूरला हरवंल. मग बोला."

संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरती तिला आमी गड्डा म्हणतो. सगळा जिल्हा लोटतो. काकानं थोरल्याकडं बघितलं, मग चन्नवीरकडं. "बरं. जिंकून दाखवलं तर ठेव म्हणावं. न्हाय तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातगाडी घेऊन येतो. मग ह्या थोरल्या अण्णानं तोंड उघडायचं न्हाय."

मौलालीचा मेव्हणा गड्ड्यात वजनाचं मशीन लावायचा, नाणं टाकलं की वजन आन पाठीमागं भविष्य छापलेलं तिकीट. त्याच्या शेजारी जागा ठरली, वीजबी त्याचीच. थोरल्यानं पार मोहोळपर्यंत सांगून ठेवलं.

पण मिठाईचा पुठ्ठा किती टिकणार? सुया टोचून टोचून भोकं फाटली, कार्डं मऊ पडली. गड्डा तोंडावर आला आन माळ चिंध्यांची झाली. चन्नवीर डोकं धरून बसलावता. तेवढ्यात काका आला, त्यानं एक कार्ड दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं.

"हे कार्ड?"

"व्हय काका."

"ह्याला खव्याचा वास येतोय."

"खोकं पेढ्याचं हुतं."

"हे घेऊन तू गड्ड्यात जाणार? चार विणकर बघतील, म्हणतील वीरभद्रप्पाच्या घरात पेढ्याच्या खोक्याची कार्डं. हरायचं तर हर, पण कार्डं धड घेऊन हर. नक्शा दे."

चन्नवीरनं चौकटीचा कागद दिला. दर ओळीला तीनच चौकटी, तीन दिव्यांच्या. जितं भोक पायजे तितं काळं केलेलं. बाकीचं कार्ड कोरं. काका कागद बघून नुसता हुं म्हणाला. आन गड्ड्याच्या दिवशी सकाळी माळ घेऊन आला, सोता दोऱ्यानं ओवलेली. कार्डं कशी? पाटीगत ताठ. भोकं अशी गोल की नाणी पाडल्यागत. चन्नवीरनं माळ जकार्डाला लावली, यंत्र मौलालीच्या गाड्यावर चढवलं आन निघाले. तपासायचं कोणाच्या मनात आलं न्हाय. काकाचं कार्ड!

गड्ड्याच्या होम मैदानावर माणसाला माणूस घासत हुतं. थोरल्यानं खुर्चीवर उभं ऱ्हाऊन आवाज दिला, "या, सोलापूरच्या अकलेबरोबर खेळा!"

एक म्हातारी पुढं आली. "ह्यो माझ्या नातीचं लगीन कदी हाय ते सांगतो का रं?"

"न्हाय आजी, भविष्याचं मशीन ते पलीकडचं. ह्यो नुसता खेळतो."

"मग काय उपेगाचा?" म्हातारी पलीकडं गेली.

मोहोळचे आबासाहेब आडत्ये आले, फेटा, जाकीट, संगं चार माणसं. पाट मांडून बसले. मागं गर्दीत काका, हाताची घडी घालून उभा.

"पावणं," आबासाहेब यंत्राला म्हणाले, "चिडायचं न्हाय बरं का," आन तीन चिंचोके उचलले. खट्ट खट्ट खट्ट. चन्नवीरनं बटण दाबलं. दोन दिवे लागले. गर्दीतनं 'आँ' असा आवाज आला. थोरल्याची छाती फुगली.

चन्नवीरनं मात्र दिवे परत मोजले. हितं एकच दिवा लागायला पायजे हुता. पण डाव सुरू, गर्दी बघालती. आबासाहेबांनी दोन उचलले, यंत्रानं दोन. परत दोन, परत दोन. करता करता ताटात दोनच चिंचोके ऱ्हायले आन पाळी यंत्राची. शेंबड्या पोरालाबी कळतं, एक उचलायचा, शेवटचा आबासाहेबांच्या गळ्यात घालायचा. चन्नवीरनं बटण दाबलं.

दोन दिवे. यंत्रानं दोन्ही उचलले. शेवटचा सुद्धा.

"अरारारा!" आबासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "लईच भुकेलं हाय की वो तुमचं पावणं! घरनं जेवून न्हाय का आणायचं?"

"दुसरा डाव!" थोरला ओरडला. "पहिला पाव्हण्यांचा मान म्हणून सोडला."

दुसऱ्या डावात आबासाहेबांनी एक उचलला. चन्नवीरनं बटण दाबलं. एकबी दिवा लागंना. परत दाबलं. काय न्हाय. तारा हलवून बघितल्या, रिले हलवून बघितले. सगळं जागच्या जागी. आन यंत्र गप.

"झोपलं!" कोणीतरी म्हणालं.

"रुसलंय बे, त्याला तिळगूळ द्या की!"

मैदानभर हशा. चन्नवीरनं वर बघितलं न्हाय. काका हसला न्हाय, टोमणाबी मारला न्हाय, तेच जास्त लागलं. जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आन एवढंच म्हणाला, "सकाळी येतो."

यंत्र घरी आणलं. दिवेलागणीला चन्नवीर उठला आन आप्पांच्या मागाखाली जाऊन उताणा पडला, बारकेपणी पडायचा तसा. वर नुसती रिकामी लाकडं. जकार्ड न्हाय, माळ न्हाय. मनात एकच घोळत हुतं. त्या विलायती माणसाचं पुरं झालं न्हाय, माझं पुरं झालं आन तरी चाललं न्हाय. पण का? हरायचं दुःख एका बाजूला, आन ते 'का' एका बाजूला, आन 'का'चंच वजन जास्त. यंत्र बिघडलं असतं तर कसंबी खेळलं असतं. हे तर ठरवून हरल्यागत हरलं.

तेवढ्यात अव्वा आली. सणाला म्हणून आप्पांच्या हातची चादर तिनं उन्हात घातलीवती, ती आणून मागाच्या दांडीवर टाकली. दिव्याच्या उजेडात चन्नवीरला खालनं दिसलं, पांढऱ्यावर लाल फूल. जुनी ओळख. तो बघत ऱ्हायला. मग उठून बसला, वरनं बघितलं. लालावर पांढरं फूल. परत खाली वाकून बघितलं. परत वरनं.

"काय झालं रे?" अव्वा म्हणाली.

हा उठला तो थेट यंत्राकडं. माळ हातात घेतली, नक्शाचा कागद शेजारी धरला. पहिलं कार्ड. कागदावर एक काळी चौकट, दोन पांढऱ्या. कार्डात काळ्याच्या जागी भोक न्हाय, पांढऱ्याच्या जागी दोन भोकं. दुसरं कार्ड, तसंच. जितं तिन्ही काळ्या, तितं कार्ड कोरं करकरीत. सगळी माळ उलटी! आमच्याकडं सगळेच चादर पाठ वर करून विणतात, म्हणून नक्शात काळं असंल ते सोडायचं आन पांढरं असंल ते पाडायचं. काकाचा हात जन्मभर तसाच चाललेला. त्यानं चिंचोक्याचा नक्शाबी चादरीगत पाडला. एक चूक न्हाय. एकदम बिनचूक उलटा.

चन्नवीर हसाय लागला. रत्नम्मा चुलीपास्नं धावत आली, तिला वाटलं ह्याचं डोकं फिरलं.

"काकानं लई इमानानं पाडलीत गं," तो म्हणाला आन तिला दाखवलं.

"मग आत्ता जाऊन सांगा की काकास्नी!"

"आजवर काकाच्या कार्डाला कोणी चूक म्हणालंय? तेबी त्यानं मायेनं पाडलेल्या? ते मला जमायचं न्हाय."

थोरला चप्पल घालून दाराशी पोचलाबी हुता. "तुला न्हाय जमत तर मी सांगतो. भिंतीवरनं ओरडून सांगतो. सगळ्या बाळीवेशीला सांगतो की माझा भाऊ..."

"अण्णा!" चन्नवीरनं त्याचा हात धरला. "उद्याची सकाळ तेवढं तोंड बंद ठेव. आयुष्यात परत कायबी मागणार न्हाय तुझ्याजवळ."

थोरल्यानं ठेवलं. मिलच्या बॉयलरमधी वाफ दाटावी तसं त्याच्या छातीत दाटलं, पण ठेवलं. असला भाऊ कोणाला हाय सांगा. काका हयात हुता तवर ही गोष्ट त्याच्या तोंडातनं भाईर पडली न्हाय.

कार्डं तशीच ठेवायची हे चन्नवीरनं ठरवून टाकलं. रिलेच्या जिभेला दोन बाजू असतात. 'हाय'च्या बाजूची तार 'न्हाय'ला लावायची, तीन दिव्यांच्या तीन तारा, बास. भोक असंल तितं दिवा विझलेला, नसंल तितं लागलेला. उजेडात करू म्हणाला आन गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी तार कथलानं डागून हातातली डागायची इस्तरी गार व्हायच्या आतच भाईर हातगाडीची चाकं वाजली. काका दारात, मागं गाडीवाला.

"काढायचं का?" काका म्हणाला. आवाज मऊ हुता.

"काढा काका. पण आदी एक डाव खेळा."

"काल बघितलं की."

अव्वा आतनं म्हणाली, "वीरभद्रप्पा, शेंगापोळी तव्यावर हाय. ती होईतवर बसा की पोराजवळ."

"वैनी म्हणतात म्हणून," म्हणत काका पाटावर बसला. एक चिंचोका उचलला. खट्ट. तो आवाज ऐकून त्याची मान एकदम वर गेली. चन्नवीरनं बटण दाबलं.

तिन्ही दिवे.

काकानं दोन उचलले. दोन दिवे लागले. काकानं पाट पुढं सरकवला. इचार करून एक उचलला, तिन्ही दिवे. काका तीन उचलतो तर एक दिवा. खट्ट खट्ट चाललंय, शेंगापोळीचा वास सुटलाय, गाडीवाला दारातनं मान लांब करून बघालाय. आन मग ताटात एकच चिंचोका ऱ्हायला, आन पाळी काकाची.

काकानं तो उचलला. हातात फिरवला. "हरलो की रे," म्हणाला, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगालाय.

मग उठून जकार्डाजवळ गेला. बोट कार्डावर ठेवलं. "पहिल्या चालीला कार्ड पुढं आलं ते मी बघितलं. कोरं हुतं. भोक न्हाय, तरी तिन्ही दिवे?"

थोरल्यानं दात असे दाबून धरलेवते की कानापर्यंत कळ गेली.

नक्शाचा कागद यंत्रावरच पडलावता. काकानं तो उचलला. कार्डाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. माळेतली कार्डं एकेक करून बोटाखालनं सारली, जपमाळ ओढावी तशी, सावकाश. घरात तव्याचा आवाज तेवढा.

"कालबी हीच माळ हुती?"

"व्हय काका."

"आन आज तू तारा फिरवल्यास."

"व्हय."

"माळ बदलली न्हायस."

"तुमी पाडलेली हाय ती," चन्नवीर म्हणाला.

काकानं कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. गाडीवाला भाईरनं म्हणाला, "मालक, चढवायचं का सामान?"

"कसलं सामान? जा रे बाबा तू."

चाकं वाजत लांब गेली. काकानं शेंगापोळी उभ्याउभ्याच खाल्ली, हात धोतराला पुसले आन यंत्राकडं तिरपं बघत म्हणाला, "चिंचोक्याचं झालं. आता दुसरा कंचा डाव बसवणार हायस ह्याच्यावर?"

"फुली-गोळा म्हणत हुतो. पण त्याला माळ लई लांब लागंल."

"लागू दे की. नक्शा काढ. पाडतो मी." काका दारापर्यंत गेला, उंबऱ्यावर थांबला, पाठमोराच. "आन हे बघ तम्मा. ह्या टायमाला आदीच सांग, सुलट पाडू का उलट?"